मधल्या सुट्टीला वाली हवा

सोलापुरात समाजकार्याची वानवा नाही. जून लागला की वह्या-दप्तरांचे वाटप सुरू होते, गणेशोत्सवात मंडळे आरोग्य तपासणीची शिबिरे घेतात, महाविद्यालयांतली राष्ट्रीय सेवा योजनेची मुले-मुली खेड्यात मुक्काम करून श्रमदान करतात, कोणी शाळेला पाण्याची टाकी देते तर कोणी भिंती रंगवून देते. यातले काहीच वाया जात नाही. तरीही मुलांच्या वाढीचा विचार करू लागलो की शाळेच्या दिवसातला एक तुकडा या सगळ्या सेवेच्या हातून निसटलेला दिसतो, आणि तो म्हणजे मधली सुट्टी. घंटा होते, शिक्षक खिचडीच्या वाटपात आणि हिशेबात अडकतात, आणि पुढची तीस-चाळीस मिनिटे शे-दोनशे मुले आपापल्या भरवशावर असतात. त्या वेळात कोण पळते, कोण भिंतीला टेकून उभे राहते, कोण कोणाचा डबा पळवते, कोण कोणाला कोणत्या नावाने हाक मारते, याची नोंद कोणत्याही हजेरीपटात होत नाही. मुलाच्या शरीराचे आणि मुलाच्या मानाचे बरेच काही याच अर्ध्या तासात घडते किंवा बिघडते. म्हणून मुलांसाठी झटणाऱ्या संस्थांनी या अर्ध्या तासाची जबाबदारी घ्यावी, आणि शारीरिक वाढ व शाळेतली दादागिरी हे दोन उपक्रम न मानता एकच काम मानावे, असे मला सांगायचे आहे.

आधी शरीराकडे पाहू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या दर शंभर मुलांपैकी ३५ जणांची उंची वयाच्या मानाने कमी होती. ही मुले सहाव्या वर्षी शाळेत येतात तेव्हा त्यांची मागे पडलेली उंचीही त्यांच्यासोबत येते. २०१६ ते २०१८ मधल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी २२ टक्के खुजी आणि दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींपैकी २४ टक्के हडकुळी आढळली. दुसरीकडे हालचाल घटते आहे. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी तासभर तरी दम लागेल इतके खेळावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रत्यक्षात २०१६ च्या अंदाजानुसार भारतातली अकरा ते सतरा वयाची जवळपास तीन-चतुर्थांश मुले एवढे खेळत नाहीत. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या खोल्या आणि विडी वळणाऱ्या घरांची दाटी आहे. तिथे अंगण नाही, गल्लीत वाहने आहेत, आणि मोठ्या मुलीला शाळेतून आल्यावर आईबरोबर सुपात तंबाखू घेऊन बसावे लागते. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे गेला की संध्याकाळपर्यंत बाहेर पडण्याची सोय नसते. अशा मुलांसाठी शाळेचे मैदान हीच एकमेव मोकळी जागा असते, आणि तिथला वेळ म्हणजे मुख्यतः मधली सुट्टी.

आता याच मैदानातल्या दादागिरीकडे वळू. नॉर्वेत १९८२ मध्ये तीन शाळकरी मुलांनी आत्महत्या केल्या आणि त्यामागे सवंगड्यांनी केलेला छळ असल्याचे पुढे आले. त्यानंतर १९८३ मध्ये देशव्यापी मोहीम उभी राहिली आणि डॅन ओल्व्हेउस या संशोधकाने बर्गन शहरातल्या ४२ शाळांत आपला कार्यक्रम राबवून पाहिला. छळ कशाला म्हणायचे यासाठी त्यांनी घातलेल्या तीन अटी आजही जगभर वापरल्या जातात: त्रास मुद्दाम दिलेला असावा, तो पुन्हा पुन्हा होत असावा, आणि दोघांच्या ताकदीत तफावत असावी. तिसरी अट आपल्या विषयात फार महत्त्वाची आहे. पाचवी ते आठवी या वर्गांत वयात येण्याचा वेग प्रत्येकाचा वेगळा असतो. एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांपैकी एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसरा अजून तिसरीतला वाटावा असा असतो. म्हणजे ताकदीची तफावत वर्गात निसर्गानेच आणून ठेवलेली असते, आणि कुपोषण ती आणखी रुंदावते. युनेस्कोच्या २०१९ च्या अहवालानुसार जगातल्या जवळपास दर तीन विद्यार्थ्यांपैकी एकाने मागच्या महिनाभरात असा त्रास सोसलेला होता, आणि त्रास होण्याचे कारण म्हणून मुलांनी सर्वांत जास्त वेळा स्वतःच्या दिसण्याचे नाव घेतले. बुटका, जाड्या, काळ्या, तोतरा, काडी: मुलांची टोपणनावे शरीरावरूनच पडतात.

इथे एक दुष्टचक्र सुरू होते. अशक्त किंवा जाड मूल खेळात कमी पडते, म्हणून हसले जाते. हसले जाऊ नये म्हणून ते खेळायचेच सोडते. खेळ सुटला की दम, तोल, चपळाई यांची वाढ खुंटते आणि पुढच्या वर्षी ते आणखी मागे पडते. वजनावरून चिडवली जाणारी मुले खेळापासून दूर राहतात, असे संशोधनात दिसलेही आहे. या चक्राला एका बाजूनेच हात घातला तर ते थांबत नाही. आहार सुधारला, जंतनाशकाची गोळी दिली, पण मैदानात पाऊल टाकायचीच भीती असेल तर ते अन्न अंगी लागायला हवी तशी हालचाल होत नाही. उलट भिंतीवर ‘कोणालाही चिडवू नका’ असे रंगवले, प्रार्थनेच्या वेळी भाषण दिले, पण मुलाचे शरीर खेळात सामील होण्याइतके सरावलेच नाही तर ते एकटेच उरते. आणि त्रास देणाऱ्याला एकटा सापडणाराच हवा असतो. म्हणून वजनकाट्याचे शिबिर वेगळे आणि संस्कारांचे व्याख्यान वेगळे, ही वाटणी चुकीची आहे.

त्रास कुठे होतो हे शाळेत शिकलेल्या कोणालाही ठाऊक असते: पाण्याच्या नळाजवळ, स्वच्छतागृहाच्या आडोशाला, खिचडीच्या रांगेत, फाटकाबाहेर गोळ्या-चिक्कीच्या गाडीपाशी, गावाहून येणाऱ्या टमटममध्ये. मोठ्यांची नजर जिथे पोहोचत नाही तिथे तो होतो. मुलांची नजर मात्र तिथे असते. कॅनडातल्या टोरांटो शहरातल्या शाळांत संशोधकांनी मैदानावर कॅमेरे आणि मुलांच्या अंगावर छोटे ध्वनिग्राहक लावून निरीक्षण केले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात असे दिसले की त्रासाच्या ८८ टक्के प्रसंगांत इतर मुले आसपास होती, पण मध्ये पडली फक्त १९ टक्के प्रसंगांत. जिथे कोणी मध्ये पडले तिथे निम्म्याहून जास्त वेळा, ५७ टक्के, त्रास दहा सेकंदांत थांबला. हा आकडा माझ्या मते या विषयातला सर्वांत आशादायक आकडा आहे. त्रास देणाऱ्याला सुधारण्यासाठी वर्षे लागतील, पण बघ्यांपैकी एकाने ‘ए, सोड त्याला’ म्हणायला दहा सेकंद पुरतात. ते म्हणायचे धाडस मुलाला केव्हा येते? आपल्या मागे कोणीतरी मोठे माणूस उभे आहे आणि ज्याला त्रास होतोय तो आपल्याच संघातला आहे, असे वाटते तेव्हा. या दोन्ही गोष्टी मैदानात घडवता येतात.

सोलापुरात हे काम अधिक नाजूक आहे आणि अधिक गरजेचेही. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चार भाषा या शहराच्या गल्ल्यांत एकमेकींत मिसळल्या आहेत. घरी तेलुगू बोलणारे विणकराचे मूल मराठी शाळेत पहिल्यांदा तोंड उघडते तेव्हा त्याच्या उच्चाराला हसणारे असतातच. ब्रिटिश काळात ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींसाठी तारेच्या कुंपणातली मोठी वसाहत याच शहरात होती. तो कायदा १९५२ मध्ये गेला, तरी वर्गात पेन हरवला की काही आडनावांकडे आधी बघण्याची सवय सहज जात नाही. ऊसतोडीच्या हंगामात जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात बाहेरून आलेल्या कुटुंबांची मुले चार-पाच महिन्यांसाठी अनोळखी शाळेच्या दारात उभी राहतात. मुलांची दादागिरी शून्यातून येत नाही. मोठ्यांच्या जगात ज्याला खालचे मानले जाते त्यालाच मुलेही निवडतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या साताऱ्यातल्या शाळेबद्दल लिहून ठेवले आहे की बसायला तरट घरून न्यावे लागे, आणि नळ सोडायला शिपाई नसेल तर तहानलेले राहावे लागे. तिथे एखादे मूल दुष्ट होते असे नव्हे. शाळेची व्यवस्थाच त्रास देत होती. पुढे त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांपैकी एक सोलापुरातच उभे राहिले: १९२५ मध्ये सुरू झालेले माध्यमिक विद्यार्थ्यांचे वसतिगृह. याच सभेने मुंबईत वाचनालय आणि हॉकीचा क्लबही चालवला. राहणे-जेवणे, वाचन आणि खेळ यांची सांगड सभेने शंभर वर्षांपूर्वी घातली होती, हे आजच्या संस्थांनी लक्षात घेण्याजोगे आहे.

तीच सांगड १९४१ मध्ये नव्याने उभ्या राहिलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांत दिसते. रोज संध्याकाळी मैदानात तासभर खेळ, लेझीम, कवायत, गाणी. आणि त्यात जात, धर्म न विचारता मुले-मुली एकत्र. याच सेवा दलाशी जोडलेल्या साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून उपोषण केले. पंढरपूर याच जिल्ह्यातले. मंदिराच्या दारातली समता आणि मैदानातली समता ही त्या पिढीला दोन वेगळी कामे वाटली नाहीत. आज त्या शाखा पूर्वीच्या संख्येने राहिल्या नाहीत, पण त्यांची रीत घेण्यासारखी आहे: रोज ठरलेली वेळ, ठरलेले मोठे माणूस, आणि सगळ्यांचा सहभाग.

ही रीत नुसती भावनेला पटणारी आहे की तिला पुरावाही आहे? आपल्या देशातला एक पुरावा फार बोलका आहे. बिहारमधल्या नालंदा जिल्ह्यात ‘सेहेर’ नावाचा प्रयोग ७४ सरकारी माध्यमिक शाळांत झाला. त्यामागे गोव्यातल्या ‘संगाथ’ संस्थेचे संशोधक होते. काही शाळांत मुलांसाठीचा कार्यक्रम शिक्षकांकडे दिला, काही शाळांत तोच कार्यक्रम बाहेरून नेमलेल्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या ‘सेहेर मित्रा’कडे दिला, आणि उरलेल्या शाळांत दोन्ही नव्हते. तक्रारी-सूचनांची पेटी, भित्तिपत्रक, मुलांचे गट, शाळेचे स्वतःचे छळविरोधी धोरण आणि गरज असेल त्या मुलाशी एकट्याने बोलणे, असे त्या कार्यक्रमाचे स्वरूप होते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार मित्र असलेल्या शाळांत वातावरण सुधारले, दादागिरी, मारामारी आणि नैराश्य कमी झाले, शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत मात्र काहीच फरक पडला नाही. शिक्षकांना दोष देण्यासाठी हे सांगत नाही. जनगणना, निवडणूक, पोषण आहार, ऑनलाइन माहिती भरणे आणि शिकवणे यांत बुडालेल्या माणसावर आणखी एक काम टाकले की ते कागदावर होते. ज्याला तेवढेच एक काम आहे आणि ज्याच्या हातात गुण देणे वा नापास करणे नाही, अशा माणसाजवळ मुले मन मोकळे करतात. स्वयंसेवकाची जागा नेमकी इथे आहे.

मैदानापुरते बोलायचे तर अमेरिकेतल्या ‘प्लेवर्क्स’ या संस्थेचे काम पाहण्यासारखे आहे. ती शाळांना सुट्टीच्या वेळेसाठी प्रशिक्षित माणूस देते. तो मैदानाचे भाग आखतो, प्रत्येक भागात वेगळा खेळ लावतो, भांडण मिटवायची सोपी पद्धत शिकवतो आणि मोठ्या मुलांना छोट्यांचे मार्गदर्शक बनवतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांत, शिक्षकांच्या मते सुट्टीतली दादागिरी बरीच कमी झाली. मुलांच्या स्वतःच्या उत्तरांत मात्र तेवढा स्पष्ट फरक दिसला नाही. हा दुसरा भाग लपवू नये. मोठ्यांना शांतता दिसते तेव्हा मुलांना ती जाणवतेच असे नाही, आणि म्हणून नुसते मैदान शिस्तीत आणणे पुरत नाही. नालंदाची पेटी आणि प्लेवर्क्सचे मैदान, दोन्ही एकत्र हवेत.

इथे एक मोठा आक्षेप येतो. खेळ म्हणजे चुरस, चुरस म्हणजे धक्काबुक्की. खेळातूनच दादा तयार होतात, असे अनेक पालकांना वाटते. त्यात तथ्य आहे. ओल्व्हेउस यांनीच सहकाऱ्याबरोबर केलेल्या आणि २००५ मध्ये छापलेल्या अभ्यासात मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणे अशा ताकदीच्या खेळांत शिरलेल्या किशोरवयीन मुलांत मैदानाबाहेरची आक्रमकता वाढलेली आढळली. नॉर्वेतल्या व्यायामशाळांचा निष्कर्ष आपल्या तालमींना जसाच्या तसा लावता येणार नाही. वस्तादाचा धाक आणि तालमीची शिस्त ही वेगळी गोष्ट आहे. पण एवढे नक्की की खेळ आपोआप माणूस घडवत नाही. कोणता खेळ, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या नियमांनी, यावर सगळे अवलंबून असते. मधल्या सुट्टीत मोकळे सोडले तर सातवी-आठवीची मुले क्रिकेटसाठी सबंध मैदान अडवतात, आणि मुली व लहान वर्ग कडेला उभे राहतात. म्हणून निवड हवी.

ती निवड करताना परदेशी पुस्तके उघडायची गरज नाही. खो-खोच पाहा. दोन खांब, चुन्याची फक्की आणि सपाट जमीन एवढ्यावर तो उभा राहतो. आठ जण एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात, नववा पाठलाग करतो, आणि त्याला मधली पाटी ओलांडता येत नाही की उलट फिरता येत नाही. म्हणजे कितीही धिप्पाड असला तरी बसलेल्याला खो दिल्याशिवाय त्याचे चालत नाही. आणि पळणाऱ्यांत लहानखुरे, चपळ मूल भल्याभल्यांना हुलकावणी देते. ताकदीची तफावत इतकी बोथट करणारे खेळ थोडेच असतील. माळशिरस तालुक्यातले वेळापूर या खेळासाठी ओळखले जाते, आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले, तेव्हा या खेळाला मानाची कमी राहिलेली नाही. संघ पाडायची आपली जुनी पद्धतही तितकीच शहाणी आहे. साधारण सारख्या ताकदीची दोन मुले जोडी करून बाजूला जातात, कानात कुजबुजून एक चंद्र होतो, एक सूर्य, आणि परत येऊन म्होरक्याला विचारतात, ‘चंद्र हवा की सूर्य?’ कोण कोणाच्या वाट्याला आले हे निवडून झाल्यावरच कळते. यात संघ समतोल होतात आणि ‘शेवटी उरलेला’ असा कोणी राहत नाही. त्याउलट शारीरिक शिक्षणाच्या तासाला दोन कप्तान एकेकाला नावाने निवडतात तेव्हा उरत जाणाऱ्या मुलाची सर्वांसमोर शोभा होते. अगदी लहानग्याला ‘कच्चं लिंबू’ म्हणून खेळात घ्यायचे, तो बाद झाला तरी त्याला बाहेर काढायचे नाही, हीसुद्धा मुलांनी स्वतः शोधलेली सोय आहे. मात्र नववीतल्या अशक्त मुलावर ते नाव चिकटले की तीच सोय टोमणा बनते. एवढा बारकावा बघायला मैदानात मोठे माणूस लागते.

दुसरा आक्षेप घरोघरी ऐकू येतो: थोडे चिडवणे, थोडा मार सगळ्यांनीच खाल्ला, त्यानेच मुले कणखर होतात. ब्रिटनमध्ये १९५८ सालच्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या मुलांचा माग पन्नाशीपर्यंत ठेवला गेला. सात आणि अकराव्या वर्षी त्यांना इतर मुलांकडून त्रास होतो का, हे त्यांच्या पालकांना विचारलेले होते. २०१४ मध्ये ७,७७१ जणांच्या माहितीवरून असे दिसले की वारंवार छळ झालेली मुले मध्यमवयातही नैराश्य आणि चिंतेने अधिक ग्रासलेली होती. घरची गरिबी, बुद्ध्यांक अशा बाबी लक्षात घेऊनही हा फरक उरलाच. चाळीस वर्षे टिकणारी जखम म्हणजे कणखरपणा नव्हे. मुलांनी भांडावे, हरावे, रुसावे, कट्टी करून पुन्हा बट्टी करावी. हे सगळे बरोबरीच्यांत होते तोवर वाढीला पोषकच आहे. आठ जण मिळून एकाला महिनोन्‌महिने टिपतात तेव्हा तिथे बरोबरी नसते, म्हणून शिकण्यासारखेही काही नसते.

मुलींबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण त्यांच्यावरची दादागिरी पुष्कळदा आवाज करत नाही. गटातून वगळणे, बोलणे बंद करणे, पाळीच्या डागावरून कुजबुजणे यात मार लागत नाही, म्हणून तक्रारही होत नाही. बारा-तेराव्या वर्षी मुलगी मैदानातून बाहेर पडते आणि परत येत नाही. त्याच वर्षांत तिची हाडे सर्वांत झपाट्याने मजबूत होत असतात, आणि लोहाची कमतरता तिला धाप लावत असते. आठवड्यातले ठरलेले दिवस मैदान मुलींचे, स्वच्छतागृहाला आतून कडी आणि आत पाणी, आणि मैदानात किमान एक ताई: एवढ्यावर पुष्कळ फरक पडेल. जेवणाचे वेळापत्रकही याच विचाराने लावावे. अमेरिकेतल्या युटा राज्यात काही शाळांनी आधी खेळ आणि मग जेवण असा क्रम लावल्यावर मुलांनी भाज्या-फळे कितीतरी जास्त खाल्ली. पण आपल्याकडे अनेक मुले सकाळी फक्त चहावर शाळेत येतात. त्यांना उपाशीपोटी पळवणे गैर. तिथे आधी खिचडी, मग थोडा बैठा खेळ, मग पळापळ, असाच क्रम हवा. ज्यांच्या घरची भाकरी आणि शेंगाची चटणी सकाळी पोटात जाते त्यांना आधी खेळता येईल. प्रत्येक शाळेने आपल्या मुलांना विचारून हे ठरवावे.

आता शेवटचे दोन आक्षेप, आणि ते दोन्ही रास्त आहेत. पहिला: हे सरकारचे काम आहे, स्वयंसेवकांच्या गळ्यात का? शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान असणे बंधनकारक केले आहे, कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळावर बंदी घातली आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळांत तपासणीला येतात, राज्याने २०२२ मध्ये मुलांच्या सुरक्षेसाठी सखी सावित्री समित्या नेमायला सांगितले. ही जबाबदारी सरकारचीच राहिली पाहिजे, आणि कोणत्याही संस्थेच्या उपक्रमाने क्रीडाशिक्षकाची रिकामी जागा भरल्याचा आभास होता कामा नये. स्वयंसेवकाने करायचे ते कायद्याच्या पलीकडचे आहे: रोज तिथे असणे. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. बाहेरचा तरुण मुलांमध्ये सोडायचा म्हणजे जोखीम आहेच. म्हणून काही नियम अपवाद न करता पाळावेत. स्वयंसेवक नेहमी दोघांच्या जोडीने आणि सर्वांच्या नजरेसमोर काम करेल; मुलाला एकट्याने खोलीत नेणार नाही; मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकणार नाही; त्याची ओळख शाळा व्यवस्थापन समितीने तपासलेली असेल. या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला, म्हणजे देखरेखीचा हक्क आईवडिलांकडेच राहतो. लैंगिक छळाचा संशय आला तर चौकशी स्वतः न करता २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवायचे, आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक वर्गात लावायचा.

माणसे कुठून आणायची, याचे उत्तर सोलापुरात हाताशी आहे. २००४ मध्ये स्थापन झालेले आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचे नाव धारण करणारे विद्यापीठ या एकाच जिल्ह्यासाठी उभारले गेले. राष्ट्रीय सेवा योजनेच्या एका युनिटात साधारण शंभर विद्यार्थी असतात आणि प्रत्येकाने वर्षाला १२० तास सेवा द्यायची असते, म्हणजे एका युनिटाकडे वर्षाला बारा हजार तास जमा होतात. शाळेचे दिवस दोनशे धरले आणि रोज चार जणांनी येण्या-जाण्यासह एक तास दिला, तर एका शाळेला आठशे तास लागतील. हा वाटा सात टक्क्यांहूनही कमी आहे. सात दिवसांच्या शिबिरात रस्ता झाडून येण्यापेक्षा दोनशे दिवस त्याच मुलांना तोच दादा, तीच ताई भेटणे अधिक मोलाचे, कारण मूल विश्वास टाकते तो रोज दिसणाऱ्या माणसावर. गणेशोत्सव आणि जयंतीच्या मिरवणुकांसाठी महिनाभर आधीपासून लेझीमचा सराव करणाऱ्या मंडळांनीही यात यावे. लेझीममध्ये कोणी बाद होत नाही, ठेका चुकला तर शेजारचा सांभाळून घेतो, आणि सोलापूरच्या मुलांना तो शिकवावा लागत नाही, इतका तो कानात बसलेला आहे.

कामाची परीक्षा फोटोंनी आणि सत्कारांनी करू नये. जून आणि मार्च अशी दोनदा मुलांची उंची-वजन घ्यावी, तीही पडद्याआड, आकडा मोठ्याने न उच्चारता. कारण वजनकाट्याभोवतीच चिडवण्याला सुरुवात होते. नाव न लिहिता भरायची चार प्रश्नांची चिठ्ठी त्याच वेळी घ्यावी: तुला कोणी पुन्हा पुन्हा त्रास देते का, कुठे देते, तू कोणाला सांगितलेस का, आणि या आठवड्यात तू किती दिवस खेळलास? मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू ज्या भाषेत मूल सहज वाचते त्या भाषेत ती असावी, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रांची असावी. पहिल्या वर्षी त्रासाचा आकडा वाढलेला दिसेल, त्याने घाबरू नये. पूर्वी न बोलणारी मुले बोलू लागली एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. दुसऱ्या वर्षीही तो उतरला नाही तर पद्धत बदलावी. उतरला, आणि खेळणाऱ्या मुलींची संख्या वाढली, तर तो कागद घेऊन महानगरपालिका आणि जिल्हा परिषदेकडे जावे आणि प्रत्येक शाळेसाठी मधल्या सुट्टीची देखरेख हा अंदाजपत्रकातला वेगळा विषय करून मागावा. एका महाविद्यालयाने एक शाळा घ्यायची आणि दोन वर्षे सोडायची नाही, एवढ्यावर ही सुरुवात होऊ शकते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, मोठी देणगी लागत नाही. मुलाचे शरीर आणि त्याचा मान यांची वाढ एकत्रच होते, ही गोष्ट मनापासून मान्य करणारी माणसे तेवढी लागतात, आणि ती या जिल्ह्यात पूर्वीही होती, आजही आहेत.